तीन वचनांचा सम्राट

मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला असतो. आदल्या रात्री राष्ट्राध्यक्ष राजधानीतल्या राजवाड्याच्या सज्जात येऊन घंटा वाजवतात. १८१० साली दोलोरेस गावच्या मिगेल इदाल्गो या पाद्र्याने स्पॅनिश अंमलाविरुद्ध दिलेल्या हाकेची ती आठवण असते. मग स्वातंत्र्यवीरांची नावे एकेक करून पुकारली जातात आणि खाली चौकात जमलेला जनसमुदाय प्रत्येक नावाला जयजयकाराची साथ देतो.

इदाल्गोला वर्षभराच्या आत पकडून गोळ्या घातल्या गेल्या. स्पेनचा अंमल संपला तो त्याच्या हाकेनंतर अकरा वर्षांनी, २७ सप्टेंबर १८२१ रोजी. त्या दिवशी विजयी फौजेच्या अग्रभागी घोड्यावर बसून जो राजधानीत शिरला, त्याचे नाव त्या रात्री कोणी पुकारत नाही. म्हणजे हा देश स्वातंत्र्याच्या आरंभाचा सण करतो आणि पूर्तीचा दिवस तारखेपुरता ठेवतो.

आगुस्तीन दे इतुर्बिदे हे त्या घोडेस्वाराचे नाव. स्पेनच्या राजाचा अधिकारी म्हणून तो स्वातंत्र्यवाद्यांशी अनेक वर्षे निर्दयपणे लढला. नंतर अवघ्या सात महिन्यांत त्याने तेच स्वातंत्र्य मिळवून दिले. दहा महिने सम्राट म्हणून राज्य केले आणि चाळिसाव्या वर्षी देशद्रोही म्हणून बंदुकांसमोर उभा राहिला. त्याला संधिसाधू म्हणून निकालात काढणे सोपे आहे आणि मेक्सिकोच्या अधिकृत इतिहासाने बराच काळ तेच केले. पण त्याच्या उदयास्तात एक प्रश्न दडलेला आहे. ज्या फौजेने बाजू बदलून देश स्वतंत्र केला, तिला उद्या पुन्हा बाजू बदलू नकोस असे सांगायचे कोणी, आणि कोणत्या अधिकाराने?

राजाचा माणूस

इतुर्बिदेचा जन्म २७ सप्टेंबर १७८३ रोजी वयादोलिद येथे झाला. हे शहर आज मोरेलिया म्हणून ओळखले जाते. वडील स्पेनच्या बास्क मुलखातून आलेले, घरी जमीनजुमला. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्यांना क्रिओल म्हणत, त्या वर्गातले हे घर. क्रिओलांकडे पैसा असे, पण वरच्या जागा बहुधा स्पेनहून आलेल्यांकडे जात. मुलगा धार्मिक विद्यालयात थोडे शिकला, किशोरवयातच प्रांताच्या पायदळ पलटणीत दाखल झाला आणि १८०५ मध्ये आना मारिया उआर्ते या धनिकाच्या मुलीशी त्याचे लग्न झाले.

इदाल्गोचे बंड झाले तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा लेफ्टनंट होता. इदाल्गोने आपल्याला मोठे लष्करी पद देऊ केले होते आणि आपण ते नाकारले, असे त्याने पुढे आत्मनिवेदनात लिहिले आहे. क्रिओल असूनही तो राजाच्या बाजूने का राहिला, हे कळायला ग्वानाह्वातोची हकीकत पुरेशी आहे. इदाल्गोच्या जमावाने तिथले धान्यकोठार फोडून आत आश्रय घेतलेल्यांची कत्तल केली, त्यात स्पॅनिशांबरोबर क्रिओलही मेले. स्वातंत्र्य म्हणजे आपल्या वाड्याला लागलेली आग, असे जमीनदार घराण्यांना वाटू लागले. पुढे मेक्सिकोचा इतिहास पाच खंडांत लिहिणारा लुकास आलामान तेव्हा त्याच शहरात राहणारा कोवळा तरुण होता. ते दृश्य त्याच्या लेखनातून कधीच गेले नाही.

इतुर्बिदे लढवय्या चांगला होता. इदाल्गोनंतर बंडाचे नेतृत्व होसे मारिया मोरेलोस या दुसऱ्या पाद्र्याकडे आले. १८१३ च्या डिसेंबरात वयादोलिदवर चालून आलेल्या मोरेलोसची फौज उधळण्यात इतुर्बिदेचा मोठा वाटा होता. पण क्रौर्यही तेवढेच. बंडखोरांच्या बायकामुली त्याने पेन्हामोसारख्या गावांतून उचलून कैदेत टाकल्या. कैद्यांना गोळ्या घालणे हा त्याचा शिरस्ता होता. आलामान स्वतः पुराणमतवादी, तरीही या काळातल्या इतुर्बिदेबद्दल लिहिताना त्याची लेखणी कडवट होते.

शेवटी तो अडचणीत आला तो क्रौर्यामुळे नव्हे, व्यापारामुळे. चांदीचे आणि धान्याचे तांडे लष्करी बंदोबस्तात जात आणि हा बंदोबस्त त्याच्या हाती होता. कोणाचा माल अडवायचा, कोणाचा सोडायचा, भाव कधी चढू द्यायचा, हे सेनापतीच ठरवू लागला तर व्यापाऱ्यांनी काय करायचे? १८१६ मध्ये ग्वानाह्वातो आणि केरेतारोच्या प्रतिष्ठितांनी तक्रार केली. लाबार्रिएता नावाच्या पाद्र्याने त्याच्या कारभाराचा पाढाच वाचला. चौकशीत तो सुटला, पण सेनापतिपद गेले आणि पुढची चार वर्षे तो राजधानीत जवळजवळ रिकामा बसून होता.

स्पेनमधले वादळ

१ जानेवारी १८२० रोजी स्पेनच्या दक्षिणेत राफाएल दे रिएगो या अधिकाऱ्याने बंड पुकारले. अमेरिकेतील वसाहती परत जिंकण्यासाठी जी फौज जहाजांत चढायची होती, तिच्यातच हे बंड झाले. रिएगोने जाहीरनामा वाचला, एकेक छावणी त्याला मिळत गेली आणि दोन-अडीच महिन्यांत राजा सातवा फर्नांदो याला १८१२ची उदारमतवादी राज्यघटना पुन्हा मान्य करावी लागली. फार रक्तपात नाही, मोठी लढाई नाही. छावणीतून निघालेल्या एका कागदाने राजाला वाकवले. या प्रकाराला स्पॅनिशमध्ये ‘प्रोनुन्सियामिएन्तो’ म्हणतात. आपण त्याला फौजी जाहीरनामा म्हणू.

हा धक्का मेक्सिकोला उलट्या बाजूने बसला. स्पेनमधल्या नव्या सत्तेने चर्चचे आणि फौजेचे वेगळ्या न्यायालयांचे हक्क कमी करायला घेतले, मठांवर टाच आणली. आजवर राजाच्या नावाने स्वातंत्र्याला विरोध करणारे धर्मगुरू, जमीनदार आणि अधिकारी आता विचार करू लागले की अशा स्पेनपेक्षा वेगळे झालेले काय वाईट? याच सुमारास, नोव्हेंबर १८२० मध्ये, व्हाइसरॉय आपोदाकाने इतुर्बिदेला दक्षिणेच्या डोंगरांत पाठवले. तिथे व्हिसेन्ते गेरेरो अजून लढत होता.

गेरेरो हा या कथेतला दुसरा माणूस. खेचरांच्या तांड्यांवर माल वाहणाऱ्या घरातला, आफ्रिकी आणि मूळनिवासी रक्ताचा. मोरेलोस १८१५ मध्ये मारला गेला, अनेकांनी माफी घेतली, पण गेरेरो शरण गेला नाही. ज्या १८१२च्या घटनेचा एवढा गाजावाजा होता, तिने आफ्रिकी वंशाच्या लोकांना नागरिकत्व नाकारले होते. गेरेरोच्या सैन्यात अशाच लोकांचा मोठा भरणा होता. उदारमतवादी स्पेनकडूनही त्यांना काही मिळणार नव्हते.

डिसेंबरअखेर आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इतुर्बिदेच्या तुकड्यांनी गेरेरो आणि त्याचा सहकारी पेद्रो आसेन्सियो यांच्याकडून मार खाल्ला. १० जानेवारी १८२१ रोजी इतुर्बिदेने गेरेरोला पहिले पत्र लिहिले. सूर माफी देणाऱ्याचा होता. गेरेरोचे उत्तर ताठ होते. स्वातंत्र्याखेरीज दुसरी कोणतीही बोलणी त्याला नको होती, पण स्वातंत्र्यासाठी लढणार असाल तर तुमच्या हाताखाली काम करीन, असा त्याचा आशय होता. दहा वर्षे डोंगरात काढलेल्या माणसाने कालच्या शत्रूला सेनापतिपद देऊ करावे, हा या प्रकरणातला सर्वांत मोठा त्याग मला वाटतो. फेब्रुवारीत आकातेम्पान येथे दोघांनी गळाभेट घेतल्याचे चित्र मेक्सिकोत प्रसिद्ध आहे. ती भेट तशी झाली की नाही यावर इतिहासकारांत वाद आहे. पत्रव्यवहार मात्र खरा आहे आणि तो चित्रापेक्षा बोलका आहे.

इग्वालाचा कागद

२४ फेब्रुवारी १८२१ रोजी इग्वाला गावी इतुर्बिदेने आपली योजना जाहीर केली. तिच्यात तीन वचने होती. पहिले धर्म: कॅथलिक पंथ हाच एकमेव. दुसरे स्वातंत्र्य. तिसरे ऐक्य: स्पॅनिश आणि अमेरिकी असा भेद नाही. देश घटनात्मक राजेशाही होईल आणि सिंहासन खुद्द सातव्या फर्नांदोला, नाहीतर त्याच्या घराण्यातल्या कोणाला देऊ केले जाईल. चर्चचे हक्क शाबूत, मालमत्ता शाबूत, अधिकाऱ्यांच्या नोकऱ्या शाबूत. शिवाय बाराव्या कलमानुसार युरोपीय, आफ्रिकी, मूळनिवासी असा कोणताही भेद न करता सर्व रहिवासी नागरिक.

हा कागद बारकाईने पाहण्यासारखा आहे. धर्मगुरूंना पहिले वचन, क्रिओलांना दुसरे, स्पॅनिश व्यापाऱ्यांना तिसरे, गेरेरोच्या माणसांना बारावे कलम. प्रत्येकाला हवे ते मिळत होते आणि कोणाकडूनच काही मागितले जात नव्हते. राज्य शेवटी कोणाच्या हुकमाने चालायचे, हा अवघड प्रश्न तेवढा युरोपातल्या एका राजपुत्राच्या येण्यावर टांगून ठेवला होता.

कागदामागे पैसाही होता. मनिलाच्या व्यापाऱ्यांची सुमारे सव्वापाच लाख पेसोंची चांदी आकापुल्को बंदराकडे निघाली होती, ती इतुर्बिदेने ताब्यात घेतली. मग देशभरच्या छावण्यांना पत्रे गेली. जो अधिकारी येऊन मिळेल त्याला वरची श्रेणी. राजाची मेक्सिकोतली फौज बव्हंशी मेक्सिकोतच जन्मलेल्यांची होती, त्यांना समुद्रापलीकडच्या स्पेनची ओढ किती असणार? सुरुवातीचे काही आठवडे शिपाई पळून जात होते, डाव फसतो की काय असे वाटत होते. पण मार्चमध्ये ग्वानाह्वातो प्रांतात आनास्तासियो बुस्तामान्ते येऊन मिळाला आणि पारडे फिरले. वेराक्रूझ प्रांतात सांता आन्ना नावाच्या सत्तावीस वर्षांच्या अधिकाऱ्याने राजाकडून बढती घेतली आणि लगेच बाजू बदलून दुसरी बढती मिळवली. वयादोलिद, ग्वादालाहारा, केरेतारो, प्वेब्ला ही शहरे एकामागून एक, बहुतेक वाटाघाटींनीच, हाती आली. जुलैत राजधानीतल्या शिपायांनी व्हाइसरॉयलाच पदावरून खाली खेचले.

स्पेनहून आलेला नवा प्रमुख हुआन ओ’दोनोहू वेराक्रूझला उतरला तेव्हा त्याच्या ताब्यात बंदरापलीकडे फारसे काही उरले नव्हते. २४ ऑगस्ट १८२१ रोजी कोर्दोबा येथे त्याने स्वातंत्र्य मान्य करणाऱ्या तहावर सही केली. या तहात एक बारीक बदल झाला होता. स्पेनच्या राजघराण्यातले कोणी आले नाही तर सम्राट कोण, हे मेक्सिकोची संसद ठरवेल आणि तो राजघराण्यातलाच असला पाहिजे असे बंधन नाही. ही फट इतुर्बिदेने ठेवली हे उघड आहे.

२७ सप्टेंबरला तिरंगी निशाण घेऊन सुमारे सोळा हजारांची फौज राजधानीत शिरली. पांढरा, हिरवा, लाल हे तीन वचनांचे रंग. मेक्सिकोच्या झेंड्यावर ते आजही आहेत. त्या दिवशी इतुर्बिदेला अडतीस वर्षे पूर्ण झाली.

मुकुट आणि रिकामा खजिना

नव्या हंगामी मंडळात अडतीस माणसे होती. त्यांत गेरेरो नव्हता, मोरेलोसचा साथी निकोलास ब्राव्हो नव्हता, ग्वादालुपे व्हिक्तोरिया नव्हता. ज्यांनी स्वातंत्र्यासाठी रक्त सांडले त्यांना जागा नाही आणि ज्यांनी ते रक्त काढले ते सारे आत. मंडळाने इतुर्बिदेला सर्वोच्च सेनापतिपद, वर्षाला एक लाख वीस हजार पेसो वेतन आणि टेक्सासमध्ये अफाट जमीन देऊ केली. इकडे खाणी पाण्याने भरल्या होत्या, श्रीमंत स्पॅनिश आपली चांदी घेऊन निघून जात होते, लोकांना खूश करण्यासाठी कर कमी केले होते, आणि बढत्या मिळालेली फौज पगार मागत होती.

फेब्रुवारी १८२२ मध्ये स्पेनच्या संसदेने कोर्दोबाचा तह फेटाळला. आता राजपुत्र येणार नव्हता. १८ मेच्या रात्री सेलाया पलटणीतल्या पिओ मार्चा नावाच्या सार्जंटने रस्त्यावर ‘सम्राट आगुस्तीन’ असा घोष सुरू केला. ही इतुर्बिदेची जुनी पलटण. दुसऱ्या दिवशी संसद भरली, तेव्हा प्रेक्षागारात शिपाई आणि जमाव ओरडत होते, अनेक सदस्य आलेच नव्हते. ६७ विरुद्ध १५ मतांनी इतुर्बिदे सम्राट झाला. त्याला लोकांत पाठिंबा नव्हता असे मात्र म्हणता येत नाही. टिमथी ॲना यांच्यासारख्या अलीकडच्या इतिहासकारांनी दाखवले आहे की त्या घडीला देशात त्याच्याइतका लोकप्रिय दुसरा कोणी नव्हता. पण लोकप्रियता असूनही मत मोजताना छावणीचा आवाज लागला, आणि तो आवाज सर्वांनी ऐकला.

२१ जुलैला राज्याभिषेक झाला. कॅलिफोर्नियापासून कोस्टा रिकापर्यंत पसरलेले हे साम्राज्य. त्याची संसद मात्र सम्राटाला मोजायला तयार नव्हती. राष्ट्राचे प्रतिनिधी आपण, असे सदस्य म्हणत. राष्ट्राला स्वातंत्र्य दिले मी, असे सम्राट म्हणे. संसदेने ना घटना केली ना पैशांची सोय. ऑगस्टमध्ये त्याने कटाच्या संशयावरून सदस्यांना अटक केली, ३१ ऑक्टोबरला संसदच बरखास्त केली. मग सक्तीची कर्जे, मग कागदी नोटा. वेराक्रूझकडे निघालेली व्यापाऱ्यांची बारा लाखांवर चांदीही त्याने जप्त केली. एका तांड्याच्या चांदीवर तो उभा राहिला होता. दुसऱ्या तांड्याच्या चांदीने त्याची पत गेली.

तीच पद्धत, उलट दिशेने

वेराक्रूझसमोरचा सान हुआन दे उलुआ हा किल्ला अजून स्पॅनिशांकडे होता. तिथला सेनाधिकारी सांता आन्ना. त्याला काढून टाकण्याचा प्रयत्न झाला, तसे त्याने २ डिसेंबर १८२२ रोजी प्रजासत्ताक पुकारले. त्याला चेपायला सम्राटाने आपला विश्वासू सेनापती एचाव्हार्री याला पाठवले. वेढा रेंगाळला आणि १ फेब्रुवारी १८२३ रोजी वेढा घालणारे आणि वेढ्यातले एकत्र आले. कासा माता येथे एचाव्हार्रीने एक योजना जाहीर केली: नवी संसद बोलवा. सम्राटाच्या जिवाला धक्का लावणार नाही, असेही तिच्यात होते.

पुढे जे झाले ते १८२१ मधलेच. छावण्यांना पत्रे गेली, एकेक प्रांत योजनेला मिळत गेला, लढाई जवळजवळ झालीच नाही. इतुर्बिदेने दोन वर्षांपूर्वी जे केले, तेच त्याच्या अधिकाऱ्यांनी त्याच्यावर केले. ते कसे करायचे हे त्यांना त्यानेच शिकवले होते. १९ मार्चला त्याने राज्यत्याग केला. पुन्हा भरलेल्या संसदेने एप्रिलमध्ये ठरवले की राज्याभिषेकच बेकायदा होता, म्हणून राज्यत्याग स्वीकारण्याचा प्रश्नच येत नाही. इटलीत राहण्याच्या अटीवर वर्षाला पंचवीस हजार पेसो मंजूर झाले आणि मे महिन्यात तो कुटुंबासह जहाजात चढला.

लिव्होर्नो येथे त्याने आपली कैफियत लिहून काढली आणि तिच्यावर तारीख घातली २७ सप्टेंबर. तिथून तो लंडनला गेला. युरोपातले राजे मेक्सिको पुन्हा जिंकू पाहत आहेत अशी बातमी होती. आपण तलवार घेऊन येतो, असे त्याने मेक्सिकोच्या संसदेला लिहिले. उत्तरादाखल २८ एप्रिल १८२४ रोजी संसदेने फर्मान काढले की इतुर्बिदेने देशाच्या भूमीवर पाय ठेवला तर तो देशद्रोही समजावा. हे त्याला कळले नाही. मेमध्येच तो गरोदर बायको आणि दोन लहान मुलांना घेऊन इंग्लंडहून निघाला होता.

जुलैच्या मध्यास तो तामाउलिपासच्या किनाऱ्यावर उतरला. तिथला सेनाधिकारी फेलिपे दे ला गार्सा. याच गार्साने १८२२ मध्ये सम्राटाविरुद्ध बंड केले होते आणि सम्राटाने त्याला माफ केले होते. गार्साने त्याला अटक केली, वाटेत त्याच्या शब्दावर विसंबून शिपायांचे नेतृत्व त्याच्याच हाती दिले, नंतर पुन्हा पकडले. पादिया या छोट्या गावी प्रांताच्या विधिमंडळाने मृत्युदंड कायम केला. १९ जुलै १८२४च्या संध्याकाळी इतुर्बिदेने जवळची सोन्याची नाणी शिपायांत वाटली, आपण देशद्रोही नाही आणि हा कलंक आपल्या मुलांना लागू नये, असे सांगितले. नंतर गोळ्या झाडल्या गेल्या. गावच्या छप्पर नसलेल्या जुन्या चर्चमध्ये त्याला पुरले.

मागे काय उरले

गेरेरो १८२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याने गुलामगिरी रद्द केली. त्याच वर्षाच्या अखेरीस उपराष्ट्राध्यक्ष बुस्तामान्तेने फौजी जाहीरनाम्याच्या जोरावर त्याला हटवले. पिकालुगा नावाच्या जिनोवाच्या जहाजकप्तानाने पन्नास हजार पेसो घेऊन त्याला दगा दिला. फेब्रुवारी १८३१ मध्ये कुइलापाम येथे गेरेरोलाही गोळ्या घातल्या गेल्या. स्वातंत्र्य पुरे करणारे दोन्ही भागीदार स्वतंत्र देशाच्याच बंदुकांनी गेले.

बुस्तामान्ते, गोमेस पेद्रासा, सांता आन्ना, एर्रेरा, पारेदेस, आरिस्ता हे सगळे मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि हे सगळे एकेकाळी राजाच्या फौजेतले अधिकारी. तीस-पस्तीस वर्षे देश या एका पिढीच्या हाती राहिला. कोणाला वर यायचे असेल तर छावणीत योजना लिहायची, तिला गावाचे नाव द्यायचे आणि पत्रे पाठवायची. १८५४ मध्ये सांता आन्नाविरुद्ध निघालेली आयुत्लाची योजना, १८७६ ची पोर्फिरिओ दियासची तुश्तेपेकची योजना, १९११ ची सापाताची आयालाची योजना, या एकाच वंशावळीतल्या आहेत. त्यांचे हेतू वेगळे, काही खरोखर न्यायाचे, पण घडण इग्वालाची. ही पद्धत इतुर्बिदेने शोधली नव्हती, ती रिएगोकडून आली. मेक्सिकोच्या मातीत मात्र त्याने ती रुजवली आणि तिला सर्वांत मोठे यश मिळवून दिले.

इतुर्बिदेच्या अस्थी १८३८ मध्ये बुस्तामान्तेने राजधानीच्या कॅथीड्रलमध्ये आणल्या. पुढे बुस्तामान्तेच्या इच्छेनुसार त्याचे हृदयही तिथेच ठेवण्यात आले. १८५४ च्या राष्ट्रगीतातल्या एका कडव्यात इतुर्बिदेचा उल्लेख होता, ते पुढे वगळले गेले. संसदेच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत कोरलेले त्याचे नाव १९२१ मध्ये, स्वातंत्र्यपूर्तीच्या शताब्दीच्याच वर्षी, काढून टाकण्यात आले. जुने पादिया गाव १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका धरणाच्या पाण्याखाली गेले. त्या जलाशयाचे नाव व्हिसेन्ते गेरेरो.

या माणसाला वीर म्हणावे की गद्दार, यावर मेक्सिकोत दोनशे वर्षे भांडण चालू आहे. मला दोन्ही शब्द अपुरे वाटतात. इग्वालाच्या कागदाने आणखी दहा वर्षांचे रक्त वाचवले आणि बाराव्या कलमाने जन्मावरून नागरिकत्व नाकारण्याची प्रथा निदान कागदावर मोडली, हे त्याचे श्रेय हिरावून घेता येणार नाही. पण स्वातंत्र्य लवकर यावे म्हणून सत्तेचा प्रश्न पुढे ढकलला गेला आणि तो सोडवायला पुन्हा छावणीच पुढे आली. याची किंमत इतुर्बिदेने पादियाला मोजली, गेरेरोने कुइलापामला, आणि ज्यांची नावे कोणत्याही भिंतीवर नाहीत अशा माणसांनी पुढची अनेक दशके, एकेका योजनेमागून.